‘माझा वॉर्ड सुटला’

आमच्याकडील एका जुन्या सिस्टरांची बदली झाली, ती एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर. पगार तोच, क्वार्टर तेच. तरी त्या रडल्या. “डॉक्टर, माझा वॉर्ड सुटला,” एवढेच म्हणाल्या. मी तेव्हा तरुण होतो, मला हसू आले. महिनाभरात त्या हसण्याची लाज वाटली.

त्याच वॉर्डात अर्धांगवायूचे एक आजोबा होते. त्यांच्या माकडहाडावर जखम झाली. नव्या सिस्टर कामात मुळीच कमी नव्हत्या. पण डाव्या कुशीवर वळवलेले हे आजोबा थोड्याच वेळात हळूच उताणे होतात, म्हणून त्यांच्या पाठीशी उशी लावावी लागते, हे त्यांना ठाऊक नव्हते. केसपेपरवर असल्या गोष्टी कोणी लिहीत नाही.

अशा जखमेला शय्याव्रण म्हणतात. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दबून राहिली की तेथील रक्तपुरवठा थांबतो व ती मरू लागते. माकडहाड, टाचा व खुबे ही त्याची नेहमीची ठिकाणे. जागा लाल दिसते आणि बोटाने दाबून सोडल्यावरही लाली हटत नाही, ही पहिली खूण. त्यावर उपाय साधा आहे : साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, कातडी कोरडी ठेवणे, पोटात पुरेसे अन्न जाणे. साधा, पण दिवसरात्र न चुकता करायचा. एकटी परिचारिका तो करूच शकत नाही. आठ तासांनी तिला घरी जायचे असते, आणि तिच्या जागी येणारी तितक्याच काळजीने करील हा भरवसा असल्याखेरीज तिचा पाय वॉर्डातून निघत नाही. एकीचे मूल आजारी पडले तर दुसरी तिची नाइट करते. अशा देण्याघेण्यातूनच ‘आमचा वॉर्ड’ हा शब्द तयार होतो.

हा जिव्हाळा कोठवर जातो, हे मुंबईच्या केईएम रुग्णालयाने दाखवले. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी रुग्णालयातच एका सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. सहकारी परिचारिकांनी त्यांना आपल्यातून जाऊ दिले नाही. त्यांना दुसरीकडे हलवण्याचा प्रयत्न झाला तेव्हा त्यांनी विरोध केला. भरवणे, न्हाऊ घालणे, कूस बदलणे हे काम एका पिढीने दुसरीच्या हाती दिले. पुढे सेवा करणाऱ्यांतील अनेकींचा 1973 साली जन्मही झाला नव्हता. सर्वोच्च न्यायालयात दयामरणाची याचिका आली तेव्हा परिचारिकांनी ‘आम्ही सांभाळू’ अशीच भूमिका घेतली. 7 मार्च 2011 रोजी न्यायालयाने ती फेटाळताना त्यांच्या सेवेचा गौरव केला. इतक्या वर्षांत शय्याव्रण झाले नाही, याची निकालात नोंद आहे. 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने अरुणाताई गेल्या. असे जगणे लांबवावे का, याबद्दल मतभेद आहेत. माझ्याही मनात ते अजून सुटलेले नाहीत. पण बेचाळीस वर्षे नुसत्या हुकमाने कोणी कूस बदलत नाही, एवढे मला कळते.

बदल्या होणारच, त्याला इलाज नाही. मात्र जुन्या माणसाने नव्याला चार-सहा दिवस सोबत घेऊन खाटन् खाट दाखवावी, अशी सोय करणे अवघड नाही. आमच्याकडे ती तेव्हा नव्हती.

नातेवाइकांना एक सांगतो. पाळी बदलताना दोन सिस्टर खाटेपाशी उभ्या राहून बोलत असतात. आपण समजतो, गप्पा चालल्या आहेत. त्या ‘ओव्हर’ देत असतात, म्हणजे एकीच्या डोक्यातला रुग्ण दुसरीच्या डोक्यात जात असतो. त्यांना मध्येच हाक मारू नका. बोलणे संपत आले की जवळ जा आणि आपला माणूस कोणत्या कुशीवर टिकत नाही, पाणी पिताना केव्हा ठसकतो, ते सांगा.