समजून घ्या : ग्रामपंचायतीला उभं राहायचंय? अर्जाआधी कोणते कागद तपासावेत आणि कोणती आश्वासने खरंच पाळता येतात

धाराशिव : पॅनेल ठरते, चिन्ह मिळते, गल्लीगल्लीत प्रचार होतो आणि गुलालही उधळला जातो. पण वर्षभरातच सदस्य किंवा सरपंच अपात्र ठरल्याची बातमी येते. कारण बहुतेक वेळा मोठे नसते. थकलेली घरपट्टी, न दिलेला खर्चाचा हिशेब, गायरानावर घराची भिंत किंवा रखडलेले जात पडताळणी प्रमाणपत्र एवढेच असते. दुसरीकडे, जे पाच वर्षे टिकतात त्यांना लोक विचारतात, "पीक विमा का आला नाही? शाळेला शिक्षक का नाही?" यातले किती ग्रामपंचायतीच्या हातात आहे, हे प्रचारात कुणीच सांगितलेले नसते. म्हणूनच उभे राहणाऱ्यांनी आणि मत देणाऱ्यांनीही हे नियम एकदा वाचायला हवेत.

धाराशिवमध्ये दोन प्रकारचे सरपंच कसे?

जिल्ह्यातील ४२८ ग्रामपंचायतींसाठी १५ जानेवारी २०२१ रोजी मतदान झाले. तेव्हा थेट सरपंच निवडीचा नियम रद्द झालेला होता. त्यामुळे निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून सरपंच निवडला. पुढे जुलै २०२२ मध्ये राज्य सरकारने जनतेतून थेट निवड पुन्हा आणली. १८ डिसेंबर २०२२ रोजी जिल्ह्यातील १६६ ग्रामपंचायतींत मतदान झाले, तेव्हा मतदारांनी सरपंच थेट निवडला.

ग्रामपंचायतीची मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षे असते. म्हणजे २०२१ मध्ये निवडून आलेल्या गावांची मुदत २०२६ च्या सुरुवातीला पूर्ण होते. या गावांत गेल्या वेळी सदस्यांची जुळवाजुळव करून सरपंच झालेल्यांना आता सगळ्या गावाकडे मत मागायला जावे लागणार आहे.

थेट निवडीत एक पेच असतो. सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्या पॅनेलचे, असे होऊ शकते. मग मासिक सभेत ठराव अडतात. अशा सरपंचाला हटवणेही सोपे नाही. निवडीनंतर पहिली दोन वर्षे अविश्वास ठराव आणता येत नाही. त्यानंतर तीन चतुर्थांश सदस्यांचा पाठिंबा लागतो आणि वर विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने मंजुरी घ्यावी लागते. म्हणून फक्त सरपंचपदाचा उमेदवार पाहून चालत नाही. त्याच्याबरोबर वॉर्डात कोण उभे आहे, हेही पाहावे लागते.

किती सदस्य, किती मते?

सदस्यसंख्या लोकसंख्येवर ठरते. दीड हजारांपर्यंतच्या गावात ७ सदस्य असतात. तीन हजारांपर्यंत ९, साडेचार हजारांपर्यंत ११, सहा हजारांपर्यंत १३, साडेसात हजारांपर्यंत १५ आणि त्यापुढे १७ सदस्य असतात. एका वॉर्डात एकापेक्षा जास्त जागा असतात. मतदाराला वॉर्डातील प्रत्येक जागेसाठी एक आणि सरपंचपदासाठी वेगळे एक मत द्यायचे असते.

ही निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. पक्ष पॅनेलच्या मागे असतात, मतदान यंत्रावर मात्र मुक्त चिन्हे असतात. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. सरपंचपदाचे आरक्षण सोडतीने ठरते आणि ते फिरते असते.

उभे कोण राहू शकते?

वय २१ वर्षे पूर्ण आणि गावच्या मतदार यादीत नाव, या दोन मूळ अटी आहेत. यादी विधानसभेचीच वापरली जाते, ती फक्त वॉर्डनिहाय फोडली जाते. त्यामुळे निवडणूक जाहीर झाल्यावर नाव नोंदवायला धावणाऱ्याला उशीर झालेला असतो. पुण्याला नोकरीसाठी जाऊन तिकडे नाव हलवलेल्या तरुणांच्या बाबतीत हे हमखास घडते. १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना किमान सातवी पास असणेही बंधनकारक आहे.

त्यापुढे अपात्रतेची यादी सुरू होते. अर्ज भरण्याआधी या गोष्टी तपासाव्यात :

● अपत्ये : १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे संख्या दोनपेक्षा जास्त होत असेल तर उमेदवार अपात्र ठरतो. त्या तारखेआधीच तीन अपत्ये असतील आणि पुढे वाढ झाली नसेल तर अडचण नाही.

● थकबाकी : घरपट्टी, पाणीपट्टीचे बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरले नाही तर पद जाऊ शकते. घर वडिलांच्या नावावर असले तरी पावती हाताशी ठेवलेली बरी.

● अतिक्रमण : सरकारी किंवा सार्वजनिक जागेवरचे अतिक्रमण अपात्र ठरवते. अतिक्रमण कुटुंबाने केलेले असले तरी त्या जागेचा वापर करणारा सदस्य सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले.

● शौचालय : घरात शौचालय आहे आणि त्याचा वापर होतो, याचा दाखला लागतो.

● ठेका : ग्रामपंचायतीच्या कामात स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हितसंबंध नको. गटारीचे काम घेणाऱ्याने आधी बाहेर पडावे, मग उभे राहावे.

● जात पडताळणी : राखीव जागेसाठी वैधता प्रमाणपत्र किंवा पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोहोच लागते. प्रमाणपत्र ठरलेल्या मुदतीत आले नाही तर निवडून आलेले पद जाते. मराठवाड्यात हैदराबाद गॅझेटिअरबाबतचा २ सप्टेंबर २०२५ चा शासन निर्णय निघाल्यापासून कुणबी नोंदींचा प्रश्न पुढे आला आहे, पण निवडणुकीसाठी जातीचा दाखला पुरेसा नसतो. पडताळणी वेगळी करावी लागते.

अर्ज राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भरून त्याची प्रत काढून सादर करायची पद्धत आहे. डिसेंबर २०२० मध्ये शेवटच्या दिवसांत संकेतस्थळावर ताण आला आणि आयोगाला कागदी अर्ज घेण्याची मुभा द्यावी लागली. शेवटच्या दिवसाची वाट न पाहणे, हाच यावरचा उपाय आहे.

तक्रारीचा वापर हत्यारासारखा होतो का?

होतो. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा गावच्या महिला सरपंचांना सासूसोबत सरकारी जागेवरील घरात राहतात, या आरोपावरून पदावरून काढण्यात आले होते. आपण वेगळे भाड्याने राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. २७ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा पदावर बसवले. महिला सरपंच झाली हे गावकऱ्यांना पचनी पडलेले नाही आणि अधिकाऱ्यांनी पुरेशी शहानिशा न करता निर्णय घेतला, अशा शब्दांत न्यायालयाने नाराजी व्यक्त केली.

म्हणजे नियम दोन्ही बाजूंनी चालतात. खरे अतिक्रमण असेल तर पद जाते. नसेल तर ते नसल्याचा पुरावा स्वतःकडे असावा लागतो. भाडेकरार, ८ अ चा उतारा, कराच्या पावत्या या गोष्टी निवडून येण्याआधीच एका फाइलमध्ये लावून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

बिनविरोध म्हणजे नेहमी चांगलेच का?

गावाने एकत्र बसून, सगळ्यांना विचारून बिनविरोध केले तर खर्च आणि कटुता वाचते. पण 'मंदिराला जो जास्त देईल त्याचा सरपंच' असा प्रकार झाला तर तो लिलाव ठरतो. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे असे प्रकार समोर आल्यावर जानेवारी २०२१ मध्ये आयोगाने दोन्ही गावांची निवडणूकच रद्द केली. बिनविरोध आलेल्यांनाही खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, हे अनेकांना माहीत नसते.

कोणते आश्वासन पाळता येते?

प्रचारात गावकरी जे प्रश्न मांडतात, त्यांचे तीन गट करता येतात.

पहिला गट थेट ग्रामपंचायतीचा. पिण्याचे पाणी, गटारी, गावातले रस्ते, दिवाबत्ती, कचरा, स्मशानभूमी. येथे 'निधी नाही' हे उत्तर पूर्ण नसते. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातील नियमांनुसार ६० टक्के निधी बंधित होता. त्यातला अर्धा पाण्यासाठी आणि अर्धा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के गावाच्या गरजेनुसार. समजा एखाद्या गावाला १० लाख रुपये आले, तर ३ लाख पाण्यावर, ३ लाख स्वच्छतेवर आणि ४ लाख इतर कामांवर. म्हणजे 'सगळा पैसा सभामंडपाला' असे आश्वासन या निधीतून पाळता येत नव्हते. मंजूर आराखडा आणि झालेला खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही मोबाइलवर पाहता येतो.

स्वतःच्या उत्पन्नातूनही १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे. ग्रामसभेत विचारण्यासारखा हा सोपा प्रश्न आहे. मात्र घरपट्टीच वसूल होत नसेल तर त्या टक्क्यांतून काही उरत नाही. 'आमचे पॅनेल आले तर पट्टी मागणार नाही' असे सांगणारा उमेदवार प्रत्यक्षात नळाची मोटार बंद पडण्याची सोय करत असतो, कारण वीजबिल आणि दुरुस्ती त्याच पैशांतून होते.

दुसरा गट पाठपुराव्याचा. निर्णय दुसऱ्याचा, पण सुरुवात ग्रामपंचायतीपासून. टँकर किंवा विहीर अधिग्रहणाचा प्रस्ताव गावाच्या मागणीवरून पुढे जातो. शेतरस्ता अडवला असेल तर निर्णय तहसीलदारांचा, मात्र पाणंद रस्त्याचे काम रोजगार हमीतून घ्यायचे तर ग्रामपंचायतीचा ठराव लागतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत भूम, परंडा भागात शेतातली मातीच वाहून गेली. नुकसानीचे पंचनामे महसूल, कृषी आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी मिळून करतात. मदतीची रक्कम सरपंच ठरवत नाही. पण पंचनाम्याची यादी चावडीवर लावून घेणे आणि सुटलेली नावे वेळेत कळवणे, हे तो नक्की करू शकतो.

तिसरा गट हाताबाहेरचा. पीक विम्याची भरपाई, शिक्षकांच्या नेमणुका, सोयाबीनचा भाव. येथे ग्रामपंचायत निवेदन देऊ शकते, निर्णय नाही. याचे आश्वासन देणाऱ्याला मतदारांनी एकच विचारावे : "कोणत्या अधिकाराने?"

ग्रामसभेचे काय?

वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीसाठी १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यातील कमी असलेली संख्या लागते. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे. सबळ कारणाशिवाय सभा न घेणाऱ्या सरपंचाचे पद जाऊ शकते. सदस्य परवानगीशिवाय सलग सहा महिने सभांना आला नाही तर त्याचीही जागा रिकामी होऊ शकते. शहरात राहून गावात निवडून येऊ पाहणाऱ्यांनी आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील उमेदवारांनी हा नियम लक्षात ठेवावा.

महिला सदस्यांच्या जागी पतीने कारभार पाहणे, ही जुनी दुखरी नस आहे. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या समितीने २०२५ मध्ये अशा 'सरपंच पतीं'वर कडक दंडाची शिफारस केली. याच जिल्ह्याने उलटे चित्रही पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवच्या गावांत घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कामात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेमार्फत महिला 'संवाद सहायक' म्हणून उभ्या राहिल्या. अधिकारी आणि गावकरी यांच्यातला दुवा त्याच होत्या. संधी मिळाली तर कारभार कुणाला विचारून करावा लागत नाही, हे तेव्हाच दिसले.

मानधन किती, जोखीम किती?

सप्टेंबर २०२४ च्या मंत्रिमंडळ निर्णयानुसार सरपंचांचे मासिक मानधन दुप्पट झाले. दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावात ६ हजार, आठ हजारांपर्यंत ८ हजार आणि त्यापुढे १० हजार रुपये. उपसरपंचांना अनुक्रमे २, ३ आणि ४ हजार रुपये.

रक्कम लहान आहे, दबाव लहान नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी हे प्रकरण जोडलेले असल्याचे तपासात समोर आले. पवनचक्क्या धाराशिवच्या माळरानांवरही आहेत. जमीन, ठेके आणि पैसा गावात येतो तेव्हा कोणताही विषय एकट्याने न हाताळता तो ग्रामसभेत, लेखी ठरावाने घेणे, हे सरपंचासाठी संरक्षणच असते.

निकालानंतरचे पहिले काम कोणते?

निकालापासून ३० दिवसांत निवडणूक खर्चाचा हिशेब द्यायचा. जिंकलेल्यांनी, हरलेल्यांनी आणि बिनविरोध आलेल्यांनीही. हिशेब दिला नाही तर पाच वर्षांपर्यंत निवडणूक लढवण्यास बंदी येऊ शकते. हरलेला उमेदवार 'आता कशाला' म्हणून हे टाळतो आणि पुढच्या निवडणुकीत त्याचा अर्ज छाननीतच बाद होतो. राखीव जागेवर निवडून आलेल्यांनी त्याच आठवड्यात पडताळणी समितीकडील अर्जाची स्थितीही तपासावी.