अलिबागचा आलेख आणि आकाशातली ठिणगी

नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-मोलगीच्या बाजूला कौलांवर टीव्हीच्या छत्र्या दिसतात. छत्री डीडी फ्री डिशची असेल, तर तिचं तोंड आग्नेयेला जीसॅट-१५ कडे असतं. हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या माथ्यावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच आहे. चित्र गेलं की लोक पावसाला नाहीतर माकडांना बोल लावतात, आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असतं. पण उपग्रहाचं स्वतःचंही एक दुखणं आहे. त्याच्या अंगावर वीज साचते.

त्या उंचीवर निव्वळ पोकळी नसते. सुट्या इलेक्ट्रॉन आणि आयनांचा विरळ प्लाझ्मा असतो. इलेक्ट्रॉन हलके, म्हणून वेगवान. तेच जास्त आदळतात आणि उपग्रहावर ऋण प्रभार चढतो. उन्हात पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन निसटत राहतात, त्यामुळे निभावून जातं. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास मात्र उपग्रह मध्यरात्रीच्या सुमारास पृथ्वीच्या सावलीत शिरतो, जास्तीत जास्त ७२ मिनिटं. एटीएस-५ या अमेरिकी उपग्रहाच्या नोंदी तपासून शर्मन डीफॉरेस्ट यांनी १९७२ साली दाखवून दिलं, की सावलीत त्याचं विभव उणे हजारो व्होल्टपर्यंत उतरत होतं.

सगळ्या अंगावर सारखा प्रभार चढला तर फारसं बिघडत नाही. शेजारच्या दोन भागांत फरक पडला की थंडीत स्वेटर काढताना होते तशी चटचट होते. इथे ती सौरपट्टीवर किंवा आतल्या तारांजवळ होते आणि उपग्रहाच्या संगणकाला कुणीच न दिलेला हुकूम मिळतो.

या दुखण्यामागच्या चुंबकीय वादळांची महाराष्ट्रातली नोंदवही अलिबागला आहे. तिची सुरुवात मुंबईत, कुलाब्याला झाली. तिथे १८४१ पासून पृथ्वीचं चुंबकत्व मोजलं जात होतं. पुढे शहरातल्या ट्राम विजेवर चालवायचं ठरलं. विजेच्या प्रवाहाने चुंबकाची सुई बिथरणार, हे कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं. त्यांनी खाडीपलीकडचं अलिबाग निवडलं. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप करून दोन मालिका जुळवून घेतल्या, मग कुलाब्याची चुंबकीय नोंद थांबली. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. एका मोजमापासाठी इतकी आधीपासून तजवीज आपल्याकडे क्वचितच झाली असेल.

अलिबागच्या वेधशाळेची इमारत पोरबंदरच्या दगडाची आहे, कारण त्यात चुंबकत्व नाही. आतल्या जोडणीत लोखंड नाही, तांबं-पितळ आहे. आज आकडे यंत्रं आपोआप नोंदवतात, तरी निरपेक्ष मोजणी माणसालाच करावी लागते. निरीक्षक किल्ल्या, मोबाइल, पट्ट्याचं बक्कल बाहेर ठेवतो आणि बिनलोखंडी थिओडोलाइटला डोळा लावून चुंबकीय क्षेत्राची दिशा वाचतो. ही वेधशाळा चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या साऱ्या संगणकांना या एका माणसाच्या नजरेचा आधार लागतो.

कुलाब्यालाही नजरच होती. सप्टेंबर १८५९ च्या सौरवादळात तिथल्या निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून आकडे लिहिले. २००३ मध्ये त्सुरुतानी, गोन्झालेझ, लखिना आणि अॅलेक्स यांनी ती पानं पुन्हा वाचली. क्षैतिज बल सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळलं होतं.

पण खोल आलेख म्हणजे मोठा धोका, असा हिशेब उपग्रहाला लागू पडत नाही, आणि काळजी आहे ती इथेच. अलिबागची सुई मुख्यतः पृथ्वीभोवतीच्या वलयप्रवाहाचं बळ सांगते. उपग्रहावर वीज चढवणारे इलेक्ट्रॉन रात्रीच्या बाजूने झोतांनी येतात, आणि त्यांचा माग इतक्या दक्षिणेला पुसटच लागतो. त्याहून ऊर्जावान इलेक्ट्रॉन कवच भेदून आतल्या विद्युतरोधक भागांत दिवसेंदिवस साचतात. जानेवारी १९९४ मध्ये अशा माऱ्यानंतर कॅनडाचे अॅनिक ई-१ आणि ई-२ हे उपग्रह एकापाठोपाठ भरकटले. पहिला काही तासांत सावरला, दुसऱ्याला पाच महिन्यांहून जास्त लागले.

मे २०२४ चं वादळ दोन दशकांतलं सर्वांत तीव्र होतं. तरी भूस्थिर कक्षेतल्या आपल्या तीस उपग्रहांत त्यामुळे मोठा बिघाड झाला नाही, असं इस्रोने सांगितलं. उलट ५ एप्रिल २०१० च्या मध्यम वादळात गॅलेक्सी-१५ हा उपग्रह जमिनीवरचे हुकूम ऐकेनासा झाला. स्थिर विजेच्या ठिणगीवरच मुख्य संशय होता.

यावर उपाय म्हणून पृष्ठभागाला वाहक लेप देतात आणि धातूचे सारे भाग एकमेकांना जोडतात. पण प्रत्येक लेपाने वजन आणि खर्च वाढतो, आणि किरणांच्या माऱ्यात लेपही जुने होतात. उपग्रह चालवणाऱ्याला आधी हवी ती त्याच्याच कक्षेतल्या इलेक्ट्रॉनांची मोजणी. जमिनीवरची नोंद, अगदी अलिबागइतकी सोवळी असली तरी, तिची जागा घेऊ शकत नाही.

गॅलेक्सी-१५ मात्र वाचला. प्रक्षेपण चालू ठेवून तो आठ महिने इतर उपग्रहांच्या शेजारून वाहत राहिला. डिसेंबर २०१० मध्ये त्याची बॅटरी संपली, संगणक पुन्हा सुरू झाला आणि तो हुकूम ऐकू लागला.