वयाचा दाखला

मुलांनी जिमनॅस्टिक्समधील बिकट प्रकार कोवळ्या वयातच हस्तगत केले पाहिजेत, आत्ता नाही तर कधीच नाही, ही समजूत आजच्या पालकांच्या मनात इतकी खोल रुजली आहे की ती अनादिकालापासून चालत आली असावी असे वाटावे. वस्तुतः तिचे आयुष्य अर्धशतकाहून फारसे अधिक नाही, आणि तिच्या जन्माचे स्थळ व तारीखही सांगता येते.

तत्पूर्वीचे दफ्तर उघडले तर निराळेच चित्र दृष्टीस पडते. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये सर्वांगीण अजिंक्यपद मिळविणारी मारिया गोरोखोव्स्काया तीस वर्षांची होती. 1956 साली मेलबर्नला चार सुवर्णपदके मिळविणारी हंगेरीची आग्नेश केलेती, जिची उमेदीची वर्षे महायुद्धाने आणि ज्यूंच्या छळाने गिळून टाकली होती, ती पस्तीस वर्षांची होती. आणि लारिसा लातिनिनाने तर 1958 सालचे जागतिक अजिंक्यपद गर्भवती असताना जिंकले, ही हकीकत आजच्या एखाद्या प्रशिक्षकास ऐकविली तर तो ती दंतकथेत जमा करील. त्या काळी या खेळात प्रौढ स्त्रीच्या गतीतला डौल पाहण्याची वहिवाट होती.

1972 साली म्यूनिकला सतरा वर्षांच्या ओल्गा कोर्बुटने ती मोडावयास आरंभ केला, आणि 18 जुलै 1976 रोजी मॉन्ट्रियल येथे ती समूळ बुडाली. रुमानियाच्या चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीने असमान दांड्यांवर दहापैकी दहा गुण मिळविले, आणि दहाचा आकडा दाखविण्याची सोयच नसलेल्या गुणफलकाने ते 1.00 असे जाहीर केले. त्या मुलीला प्रशिक्षकांनी सहाव्या वर्षी हेरले होते, हे कळताच देशोदेशी सहा वर्षांच्या मुलींचा शोध सुरू झाला. लहान शरीर हवेत अधिक वेगाने फिरते, स्वतःचा भार त्यास सहज पेलतो, आणि आज्ञा झाली की ते मूल निमूटपणे ती पाळते. यांतली तिसरी सोय कोणी उघडपणे बोलून दाखवीत नसे, पण माझ्या मते तीच सर्वांत मोठी होती.

आंतरराष्ट्रीय महासंघाने किमान वयाची अट 1981 साली चौदावरून पंधरावर व 1997 साली सोळावर नेली. परंतु हुकूम निघाला की त्यास बगल देणारा दाखलाही तयार होतो, हा कोणत्याही अंमलातला अनुभव येथेही आला. उत्तर कोरियाच्या किम ग्वांग-सुकचे वय सरकारी कागदोपत्री सलग तीन वर्षे पंधराच राहिले, आणि त्या देशास 1993 च्या जागतिक स्पर्धेची दारे बंद झाली. दोंग फांगशियाओ सिडनीस वयात बसत नव्हती असे ठरल्यावर चीनचे 2000 सालचे सांघिक कांस्यपदक दहा वर्षांनी काढून घेण्यात आले.

येलेना मुखिनाची कथा मात्र वयाच्या अटीत बसत नाही. 1978 ची ही जगज्जेती वीस वर्षांची असताना, मोडलेला पाय पुरता सावरण्यापूर्वीच, मॉस्को ऑलिंपिकच्या तोंडावर तिच्याकडून ‘थॉमस साल्टो’ ही डोक्याशी खेळणारी उडी घोटून घेण्यात आली. जुलै 1980 मध्ये मिन्स्क येथे तिची मान मोडली, आणि 2006 साली मृत्यूने सोडवीपर्यंत ती अंथरुणाला खिळून राहिली. म्हणजे अपराध वयाचा नव्हता, घाईचा होता. आणि मुलांच्या बाबतीत ही घाई हाडांच्या टोकांशी असलेल्या, अद्याप वाढत्या कूर्चेवर येऊन आदळते, मनगट व कंबर त्याची किंमत देतात, एवढाच काय तो फरक.

आपल्याकडे दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी ज्या मल्लखांबास नवे जीवन दिले, त्याच्या आखाड्यात पाच-सहा वर्षांचे पोरही खांबाला बिलगते, यात कोणास काही वावगे वाटत नाही. पण जुना वस्ताद साधी अढी पक्की झाल्यावाचून त्या पोरास पुढे सरकू देत नसे, आणि त्याने कितीही हट्ट केला तरी दाद देत नसे. लवकर शिकणे आणि लवकर जोखमीत पडणे या दोन गोष्टी आपण एकाच खात्यावर मांडू लागलो, तो हिशेब तेथेच चुकला.

आगरतळ्याची दीपा कर्माकर सहाव्या वर्षीच या खेळात आली, तेव्हा तिच्या सपाट तळव्यांचीच चिंता आधी होती. अत्यंत धोक्याची मानली जाणारी प्रोदुनोव्हा उडी तिने आत्मसात केली ती विसाव्या वर्षाच्या सुमारास, पंधरा-एक वर्षांच्या पायाभरणीनंतर. त्याच उडीवर 2016 साली रिओला ती चौथी आली आणि कांस्यपदक 0.150 गुणांनी हुकले. अमेरिकेची सिमोन बाइल्स टोकियोत, हवेत देहाचे भान सुटू लागताच, चोविसाव्या वर्षी चक्क थांबली, आणि सत्ताविसाव्या वर्षी पॅरिसला पुन्हा सर्वांगीण अजिंक्य ठरली. चौदा वर्षांच्या मुलीस ‘आज नाही’ असे म्हणण्याची मुभा कोणी दिली असती, याविषयी मला शंका आहे. त्याच 2024 सालच्या मे महिन्यात, पॅरिसची पात्रता हुकलेल्या दीपाने ताश्कंद येथे व्हॉल्टमध्ये आशियाई सुवर्णपदक मिळविले, जे तोवर कोणाही भारतीयास मिळाले नव्हते. तिचे वय त्या दिवशी, हेलसिंकीच्या गोरोखोव्स्कायाइतकेच, तीस होते.