मालवणच्या समुद्रातले छुपे पहारेकरी

मुलांनो, मालवणच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर समुद्रात सिंधुदुर्ग दिसतो. इतका जवळ, की वाटतं होडी सरळ हाकली की झालं! पण इथला तांडेल तसं कधीच करणार नाही. किल्ल्याभोवती पाण्याखाली खडकच खडक आहेत. भरतीला ते गडप होतात, सुकतीला (म्हणजे ओहोटीला) त्यातले काही डोकं वर काढतात. वाट ठाऊक नसलेलं जहाज आत शिरलं, तर किल्ल्याच्या आधी त्याची गाठ या खडकांशी!

शिवाजी महाराजांनी नेमकी हीच अडचण कामाला लावली. सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज यांच्यावर वचक बसवायला त्यांनी कुरटे बेट निवडलं. २५ नोव्हेंबर १६६४ ला बांधकाम सुरू झालं आणि सुमारे तीन वर्षांत ४८ एकरांवर किल्ला उभा राहिला. लाटांनी हलू नये म्हणून पायाच्या दगडांत शिसं ओतलं. दरवाजा तर असा बुरुजांच्या आड लपवला आहे, की जवळ जाईपर्यंत सापडतच नाही.

आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत. चहूकडे खारं पाणी, आणि यांचं पाणी गोडं! जादू नव्हे बरं का. बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. घरी करून पाहा: पेलाभर पाण्यात भरपूर मीठ विरघळवा आणि त्यावर चमच्याच्या पाठीवरून रंगीत साधं पाणी हळूच सोडा. दोन थर दिसतील. आता ढवळा. संपलं! विहिरीतून वाजवीपेक्षा जास्त उपसा केला, तर खालचं खारं पाणी असंच वर येतं.

एवढी तटबंदी असूनही १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतलाच. नावही बदलून 'फोर्ट ऑगस्टस' ठेवलं. पुढच्याच वर्षी तो कोल्हापूरकरांना परत मिळाला, ते नावही गेलं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले आले, त्यात सिंधुदुर्ग आहे.

आणि ते खडक? त्यांच्यावर प्रवाळ वाढतात. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, चिमुकले प्राणी! त्यांच्या आसऱ्याला मासे येतात. १९८७ मध्ये इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा मासेमारीवर बंधनं येतील म्हणून इथल्या मच्छीमारांनी विरोध केला. रापण ओढून पोट भरणाऱ्या गाबीत घरांची ती काळजी खोटी नव्हती. पण होडीचा नांगर प्रवाळावर पडला, तर वर्षानुवर्षांची वाढ क्षणात मोडते, हेही तितकंच खरं. घरी आईबाबांशी यावर जरूर भांडा!

पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत या. आणि होडीत बसलात की तांडेलकाकांना वाटेतल्या खडकांची नावं विचारा.