काम चालू असतानाची आवराआवर

बडोद्यात हाताने काम करण्याची परंपरा जुनी आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले. प्रा. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्राचार्य. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. पुढे ही संस्था महाराजा सयाजीराव विद्यापीठात तंत्रशाखा म्हणून सामील झाली. रेल्वेतून, रिफायनरीतून निवृत्त झालेले कितीतरी गृहस्थ आजही मागच्या पडवीत किंवा जिन्याखाली आपले छोटेसे कारखाने चालवतात. कोणी पाट करतो, कोणी पंख्याची मोटर उघडतो. शौक उत्तम, पण घरातल्या बायकांची तक्रार एकच: पसारा!

ही तक्रार आम्हांला रास्त वाटते. मात्र तिचे कारण आळस नव्हे. काम संपल्यावर सगळे एकदम आवरू, असे आपण ठरवतो, आणि घरचे काम कधी एका दिवसात संपत नाही. पाटाचा सरस वाळायचा असतो, तोवर शेजारचा मिक्सर दुरुस्तीला येतो. मग पटाशीवर वायरी, वायरींवर भुसा आणि भुशात हरवलेला स्क्रू. शोधाशोधीतच अर्धा वेळ जातो.

यावर उपाय साधा आहे. प्रत्येक कामाला एक ट्रे किंवा पत्र्याचा जुना डबा नेमून द्यावा. त्या कामाचे भाग, स्क्रू आणि मापांची चिठ्ठी त्यातच राहावी. दुसरे काम आले तर पहिला डबा उचलून फळीवर ठेवावा, मेज मोकळे. हत्यारे मात्र डब्यात अडकवू नयेत. त्यांची जागा भिंतीवर. फळ्यावर खिळे मारून हातोडा, गुण्या, पक्कड टांगावी आणि प्रत्येकाभोवती रंगाने आकृती काढावी. कोणते हत्यार परतले नाही हे रिकामी आकृतीच सांगते. एक टप्पा झाला, म्हणजे कापून झाले की जोडण्यापूर्वी, पाच मिनिटे हात थांबवून मेज पुसावे. पाच मिनिटे जड वाटतात खरी, पण भुशावर ठेवलेली फळी गुण्यात बसत नाही, हे कोणताही सुतार सांगेल.

तुकडे जपून ठेवण्याचा मोह फार वाईट. एक खोके ठरवावे. ते भरले की नवा तुकडा ठेवताना जुना काढावा. साध्या लाकडाचे तुकडे बंबात घालता येतात. प्लायवुडचे आणि रंग दिलेले तुकडे बंबात किंवा चुलीत मुळीच जाळू नयेत, त्यांचा धूर विषारी असतो.

आता प्रकृतीविषयी. लाकडाची बारीक धूळ निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली तिची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली; धोका मुख्यतः नाकाच्या कर्करोगाचा. तेव्हा धूळ तोंडाने फुंकू नये, कोरड्या झाडूने उडवू नये. फरशीवर थोडे पाणी शिंपडून मग झाडावे, पण आधी विजेच्या वायरी उचलाव्यात. घासकाम करताना नाकावर चांगला मास्क असावा. जमिनीवर पडलेला खिळा तर घरातल्या मुलांच्या तळव्याची वाटच पाहत असतो. तो रुतला तर जखम साबणपाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या लशीविषयी डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे.

सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे तेलाचे फडके. जवसाचे तेल, ज्याला बाजारात बेलतेल म्हणतात, हवेतला प्राणवायू घेऊन वाळते आणि वाळताना तापते. फडक्याचा बोळा कोपऱ्यात टाकला तर आतली उष्णता बाहेर जात नाही आणि काडी न लावताही तो पेट घेऊ शकतो. वर भुसा असला तर विचारायलाच नको. असे फडके घराबाहेर एकेरी पसरून पूर्ण वाळवावे, किंवा झाकणाच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवावे.

बडोदेकरांना आणखी एक काळजी आहे. ३१ जुलै २०१९ रोजी शहरात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी पुन्हा वस्त्यांत शिरले. अशा पाण्यात पहिली बुडते ती जमिनीवरची पेटी. म्हणून मृग लागण्यापूर्वीच विजेची हत्यारे, रंग आणि रॉकेलचे डबे वरच्या फळीवर चढवावेत. जड वस्तू मात्र फार उंच नकोत, डोक्यावर पडतील. रंधा, कानस, पटाशी पुसून धारेच्या हत्यारांना तेलाचा हलका हात द्यावा. कानशीला तेल लावू नये, ती घसरते. तिला कोरड्या कापडात गुंडाळावे. भिजलेले ड्रिल नुसते उन्हात वाळवून सुरू करू नये, आधी जाणकाराकडून उघडून तपासून घ्यावे.

खंडेनवमीला आपण हत्यारे घासूनपुसून मांडतो. त्या दिवशी रिकाम्या आकृत्याही मोजाव्यात. शेजाऱ्याकडे गेलेला पाना बहुधा तेव्हाच आठवतो.