मैदान किती पाणी पिते?

लातूरला पिण्याचे पाणी घेऊन निघालेली पहिली रेल्वेगाडी १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पोहोचली. दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्याच आठवड्यात, दुष्काळात मैदानांवर पाणी वापरण्यावरून, मुंबई उच्च न्यायालयात आयपीएलवर सुनावणी चालू होती. मुंबई, पुणे आणि नागपूरच्या मैदानांना त्या हंगामात सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल, असा आकडा तेव्हा चर्चेत होता. १३ एप्रिलला न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले. अंतिम सामना मुंबईऐवजी बेंगळुरूला झाला.

सामने गेल्याने लातूरच्या नळाला पाणी येणार नव्हते, पण टाहो फोडणाऱ्या गावांदेखत मैदाने भिजवणे शोभणारेही नव्हते. माझ्या मते आदेश योग्यच होता. मात्र त्या सगळ्या गदारोळात मैदानावर पाणी नेमके कुठे जाते, हा साधा प्रश्न मागेच राहिला. जो तो ‘खेळपट्टीसाठी पाणी’ असे म्हणत होता आणि हिशेब तिथेच चुकत होता.

खेळपट्टीपासूनच सुरुवात करू. ती २०.१२ मीटर लांब आणि ३.०५ मीटर रुंद असते, म्हणजे क्षेत्रफळ जेमतेम ६१ चौरस मीटर. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. खेळपट्टीला एका वेळी दहा मिलिमीटर पाणी पाजले तरी ६१० लिटर झाले. काळी असो वा मुंबईच्या वानखेडे मैदानासारखी लाल, तिच्या मातीत चिकणमाती भरपूर असते आणि ती ओल धरून ठेवते. सामन्याच्या काही दिवस आधी क्युरेटर, म्हणजे खेळपट्टी तयार करणारा, ती चांगली मुरेपर्यंत भिजवतो आणि मग वाळत असताना रोलर फिरवतो. ओल जास्त असेल तर माती रोलरला चिकटते, कमी असेल तर दबतच नाही. म्हणून तो पुन्हा पुन्हा वाकून अंगठ्याने दाबून बघतो, किल्लीचे टोक खुपसून बघतो. सामना जवळ आला की पाणी बंद. मधल्या चौकातल्या आठ-दहा खेळपट्ट्या धरल्या तरी सगळा पसारा साताठशे चौरस मीटरच्या पुढे सहसा जात नाही.

आता सीमारेषेपर्यंतचे मैदान पाहा. मधोमध उभे राहून सगळीकडे ७० मीटर अंतर धरले तर क्षेत्रफळ १५ हजार चौरस मीटरच्या वर जाते. दख्खनच्या एप्रिल-मेमध्ये हिरव्यागार हिरवळीतून दिवसाला पाचेक मिलिमीटर पाणी हवेत उडून जाते, असे धरू. म्हणजे रोज ७५ हजार लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी निकष लावला तर साडेपाचशे माणसांचे दिवसभराचे पाणी. मैदान पूर्ण हिरवे ठेवायचे ठरवले तर ही वरची मर्यादा झाली. प्रत्यक्षात कमी लागेल, पण प्रमाण लक्षात यावे. तहान आहे ती बाहेरच्या हिरवळीची.

ही हिरवळ बहुतेक ठिकाणी बर्म्युडा जातीची, म्हणजे आपल्या हरळीची किंवा तिच्या संकराची असते. काळ्या रानातून हरळी खणून काढताना शेतकऱ्याच्या नाकी नऊ येतात, इतकी ती चिवट. पाणी तोडले तर पाती पिवळी पडतात, पण जमिनीखालचे कांडे जिवंत राहते आणि पहिल्या सरीला पुन्हा फुटते. अशा गवताला रोज थोडे थोडे पाणी शिंपडणे हा सर्वांत वाईट प्रकार. वरचा थरच ओला राहतो, मुळेही तिथेच घुटमळतात आणि एक दिवस पाणी चुकले की गवत माना टाकते. त्याऐवजी दोन-तीन दिवसांनी, पहाटे, खोल पाणी द्यावे. ते किती खोल गेले हे पाहायला जाणता माळी एक पोकळ नळी जमिनीत ठोकतो आणि मातीचा गाभा बाहेर काढतो. त्यात वरचा गुंतागुंतीचा तपकिरी थर, खाली ओली माती आणि तिच्यात उतरलेली पांढरी मुळे स्पष्ट दिसतात. मुळे दोन बोटांवरच थांबलेली असतील तर पाणी देण्याची पद्धत चुकते आहे. भर दुपारी, वारा सुटलेला असताना फवारे चालू ठेवणे म्हणजे पाणी सरळ आकाशाला देणे.

थोडीशी पिवळट झालेली हिरवळ खेळायला मुळीच वाईट नसते. ती एकसारखी असावी, चेंडू सरळ जावा आणि सूर मारणाऱ्याच्या कोपराला खरचटू नये, एवढे पुरे. झगझगीत हिरवा रंग मुख्यतः टीव्हीच्या पडद्याला हवा असतो. दुष्काळी वर्षात प्रक्षेपण करणाऱ्यांनी आणि प्रेक्षकांनी तो हट्ट सोडायला हवा.

आणखी एक पेच आहे. पाऊस थांबल्यावर खेळ लवकर सुरू व्हावा म्हणून नव्या मैदानांत वाळूचा जाड थर देतात आणि खाली छिद्रांचे पाइप टाकतात. बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानात २०१७ साली जमिनीखालून पाणी ओढून घेणारी यंत्रणा बसली. मिनिटाला दहा हजार लिटर पाणी काढण्याची तिची क्षमता सांगितली जाते. पण जी वाळू जुलैत पाणी पटकन सोडते, ती मे महिन्यातही ते धरून ठेवत नाही. त्यामुळे पावसाळी सोय हीच उन्हाळी तहान होते. अशी यंत्रणा घेतली की निचऱ्याचे पाणी गटारात न सोडता टाकीत किंवा पुनर्भरणाच्या विहिरीत नेण्याची व्यवस्था त्याच आराखड्यात असायला हवी. सातशे मिलिमीटर पाऊस धरला तरी १५ हजार चौरस मीटरवर वर्षाला एक कोटी लिटरच्या वर पाणी पडते. ते सगळे साठवता येणार नाही, पण जेवढे मुरेल तेवढे बोअरला परत मिळेल.

खरा मार्ग मात्र सांडपाण्याचा आहे. २०१६ मध्ये क्रिकेट मंडळाने न्यायालयात स्वतःच सांगितले होते की मुंबई-पुण्याच्या सामन्यांसाठी टर्फ क्लबकडून प्रक्रिया केलेले सांडपाणी घेऊ. ते आधीच का सुचले नाही, हा प्रश्न उरतो. नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जाते; जे पाणी वीजकेंद्राला चालते ते हरळीला का चालू नये? उलट त्यात उरलेले नत्र आणि स्फुरद गवताला खत म्हणून लाभते. दोन पथ्ये मात्र पाळावी लागतात. खेळाडू जमिनीवर लोळतात, त्यामुळे नेहमीच्या शुद्धीकरणानंतर गाळणी आणि निर्जंतुकीकरणाची आणखी एक पायरी हवी, आणि पाणी रात्री देऊन सकाळपर्यंत मैदान सुकू द्यावे. दुसरे पथ्य क्षारांचे. सांडपाण्यात सोडियम जास्त असेल तर चिकणमातीची घडण मोडते, ती वरून घट्ट होते आणि पाणी आत जात नाही. हरळी क्षार बऱ्यापैकी सोसते, खेळपट्टी सोसत नाही. म्हणून मधल्या चौकाला गोडे पाणी आणि बाकी मैदानाला प्रक्रिया केलेले, अशा दोन वेगळ्या वाहिन्या असाव्यात. चौकाला लागणारे पाणी थोडे असल्यामुळे ते परवडतेही.

पाण्याखेरीज मैदानाला वीजही लागते, पण तो प्रश्न तुलनेने सोपा आहे. मुंबईच्या ब्रेबर्न मैदानावर क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने प्रेक्षागृहाच्या छतावर ८२० किलोवॉटचा सौर प्रकल्प बसवला आहे. इतक्या मोठ्या छपरांचा हा उघड उपयोग आहे. प्रेक्षकांच्या प्रवासाचे काय, हे अधिक अवघड. वानखेडेला चर्चगेटहून चालत जाता येते; पुण्याच्या मैदानासाठी द्रुतगती मार्गालगत गहुंज्याला आणि नागपूरच्या मैदानासाठी वर्धा रस्त्यावर जामठ्याला बहुतेकांना गाडीनेच जावे लागते. मैदानाची जागा निवडतानाच पुढच्या पन्नास वर्षांचा धूर ठरून जातो. बांधून झालेले मैदान हलवता येत नाही, पण सामन्याच्या तिकिटात बसचे भाडे धरता येते.

पाण्याबाबत मात्र आजच करता येण्यासारखे एक काम आहे. प्रत्येक मोठ्या मैदानाने हिरवळीच्या वाहिनीला स्वतंत्र मीटर बसवावे आणि महिन्याला किती पाणी लागले, त्यातले किती गोडे आणि किती प्रक्रिया केलेले, हे आकडे जाहीर करावेत. तुम्ही एखाद्या क्लबचे किंवा जिल्हा संघटनेचे सभासद असाल, तर येत्या वार्षिक सभेत हा प्रश्न लेखी विचारा.