निम्म्या मतांचा प्रश्न

हातकणंगले लोकसभा मतदारसंघात 2024 साली धैर्यशील माने यांना 5,20,190 मते पडली, सत्यजित पाटील-सरूडकर यांना 5,06,764. फरक 13,426 मतांचा. तिसऱ्या क्रमांकावरच्या राजू शेट्टींनी 1,79,850 मते घेतली. या तिघांचीच बेरीज बारा लाखांवर जाते, म्हणजे निम्म्यासाठी सहा लाखांहून अधिक मते लागली असती. तेवढी कोणालाच मिळाली नाहीत. तरीही निकाल पूर्णपणे वैध आहे, कारण आपला कायदा निम्मी मते मागत नाही. इतरांपेक्षा एक मत जास्त असले की पुरे.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एकोणिसाव्या शतकात गव्हर्नर लोक निवडत, पण तिथे निम्म्याहून जास्त मते सक्तीची होती. 1839 मध्ये मार्कस मॉर्टन यांना 1,02,066 पैकी 51,034 मते मिळाली. एक मत कमी पडते तर निवड विधिमंडळाकडे गेली असती! 1842 ला खरोखरच कोणाला बहुमत मिळाले नाही आणि विधिमंडळाने मॉर्टन यांनाच निवडले. 1855 मध्ये ही अट गेली.

शिरोळपासून शिराळ्यापर्यंत पसरलेल्या आपल्या मतदारसंघाला तशी अट असती, तर शेट्टींच्या मतदारांना दुसरी पसंती विचारावी लागली असती. मला तो प्रश्न विचारण्याजोगा वाटतो. सध्याच्या मतमोजणीत त्याला जागाच नाही.